बुद्धाचे डोळे
गौलीगुड्यातल्या दुकानात कोणीतरी गेरू कुटत होतं आणि त्या वासासरशी मला राजस्थानातला तो वाळवंटातला उत्सव आठवला. काचीगुड्याहून मी आणि माझी ऑफिसातली मैत्रीण तिथल्या चित्रमंडपात सेवेला गेलो होतो. एक म्हाताऱ्या चित्रकार बाई तिथे मोठ्या कापडावर बुद्ध रंगवत होत्या. मी रोज त्यांचे रंग खलायचे, कापडावर उडून आलेली वाळू पिसाने हळूच झाडायचे. लहानपणापासून घरी बुद्धवंदना म्हणत आलेली मी एकच आस धरून होते, की सगळ्यात शेवटी बुद्धाचे डोळे रंगवायला बाई मला बोलावतील. मैत्रीण मात्र उंटांचे फोटो काढत हिंडायची. शेवटच्या दिवशी ती सहज डोकावली, तर बाईंनी तिचा हात धरून पाहिला. "इसका हाथ काँपता नहीं," असं म्हणून त्यांनी कुंचला तिलाच दिला. तिने काढलेले डोळे इतके शांत उतरले की मंडपातल्या लोकांनी हात जोडले. मीही जोडले, पण माझी नजर तिच्या बोटांवरून हटेना. परवा जेवणाच्या सुट्टीत मी तिच्याजवळ त्या डोळ्यांचा विषय काढला. "कौनसे डोळे गं?" डबा उघडत ती म्हणाली, "हौ, काढले होते वाटतं मी."