एक प्याला, वेगळे कप

अप्पा नौबादला गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायचे. आई मिशनच्या हॉस्टेलात भाकऱ्या थापायची. त्यांच्या पोरानं बी.ए., बी.एड. केलं, घराण्यात पहिल्यांदाच. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो.

आता मी बिदरजवळच्या एका मिशन शाळेत शिकवतो. रविवारी कन्फर्मेशनचा क्लास घेतो. बाप्तिस्मा तान्हेपणी होतो, तेव्हा विश्वासाची कबुली आईबापानं दिलेली असते. मोठं झाल्यावर ती स्वतःच्या तोंडानं द्यायची, म्हणजे कन्फर्मेशन. आधी पाळकसाहेब तोंडी परीक्षा घेतात. क्रूस कशाचं चिन्ह, कोकरू कशाचं. पास झाल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मिळत नाही.

एका वर्षी क्लासात मन्नाएखेळ्ळीची सुनीता होती, नववीतली. साहेबांनी भिंतीवरच्या चित्राकडं बोट केलं. येशू, भोवती शिष्य, मधे एकच प्याला.

"हा प्याला काय सांगतो, बाळ?"

"सगळे एक हायत म्हणून."

"शाब्बास."

"मग आपल्या चर्चात ज्याला त्याला वेगळा प्लास्टिकचा कप कामून?"

"कोरोनापासून. रोगराई नको म्हणून."

"गावातला हॉटेलवाला बी तसंच म्हणतोय, साहेब. दुसऱ्यांला काचेच्या ग्लासात चहा, आमच्या अप्पाला कागदाच्या कपात. कामून म्हनलं तर म्हणतोय, तुझ्याच तब्येतीसाठी की."

पोरं हसली. साहेब आमच्याच दलित समाजाचे. ते हसले नाहीत.

"पुढच्या वर्षी ये," एवढंच म्हणाले.

मी मागोमाग ऑफिसात गेलो. "साहेब, उत्तर चुकलं न्हाई तिचं."

"चुकलं म्हणलं का मी? उद्या भर चर्चात हेच बोलली तर मिशनच्या कमिटीला काय सांगू?"

"वेगळे कप बंद करायलोय म्हणून सांगा."

"सर, तुमची नोकरी कमिटीच्या हातात हाय. माझी बी."

तरी त्यांनी कमिटीत विषय काढला. कप तेच राहिले. बाकी सगळी पोरं कन्फर्म झाली. सुनीता आईजवळ मागच्या बाकावर बसली. भाकरीचं ताट तिच्यासमोरून पुढं गेलं.

पुढच्या वर्षी परीक्षेआधी तिनं मला व्हरांड्यात गाठलं.

"सर, मला वाटतंय ते सांगू, का पाठ केलेलं?"

"पाठ केलेलं."

"व्हय."

आत जाऊन तिनं सांगितलं, "प्याला म्हणजे नव्या कराराचं चिन्ह." साहेबांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

चिन्हं पोरांना लवकर कळतात. वेळ लागतो तो उत्तर शिकवायला. सुनीता कन्फर्म झाली. त्या वर्षी माझ्या क्लासातलं एकही लेकरू मागं राहिलं नाही.