पुरुषांच्या क्लबात मुलींचं मैदान

भंडाऱ्यात एक जुना क्लब आहे, तिथे बायकांना प्रवेश नाही. तशी पाटी कुठेच लावलेली नाही. फाटकावरचा चौकीदार बाईमाणूस दिसलं की खुर्चीतून अर्धवट उठतो आणि विचारतो, "कोणाले भेटाचं आहे जी?" त्यातच सगळं आलं. आत वकील, डॉक्टर, राइस मिलवाले, कापडाचे व्यापारी संध्याकाळी पत्ते खेळतात, कॅरम खेळतात आणि घरची कटकट दोन तास विसरतात. कोजागिरीला कुटुंबासह बोलावतात, पण ते लॉनपर्यंतच. पायऱ्या चढायच्या नाहीत. माझा सगळा जन्म या शहरात गेला. त्या पायऱ्या चढाव्यात असं मला कधी वाटलं नाही, पण फाटकासमोरून जाताना राग मात्र दर वेळी यायचा. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते.

मी शाळेत पीटीची शिक्षिका होते. निवृत्त झाल्यावर घरात बसून सुनेच्या कामात चुका काढण्यापेक्षा बरं म्हणून कारध्याला, वैनगंगेच्या काठावरच्या एका मोकळ्या तुकड्यावर, मुलींना कबड्डी शिकवायला लागले. पुढे त्याचं रीतसर मंडळ झालं. मंडळ आलं म्हणजे सचिव आले, सभा आल्या, आणि सभेत मला शांत करणं हे सचिवांचं मुख्य काम होऊन बसलं. सचिव त्या क्लबाचे सभासद. माणूस सज्जन, पण कधीच कोणावर चिडत नाही, आणि मला नेमकी त्याचीच चीड येते.

आम्हाला मॅट हवी होती. आता निवडीच्या मॅचेस सगळीकडे मॅटवरच होतात आणि आमच्या मुली मातीवर तयार झालेल्या. मॅटवर पाय वेगळा पडतो, पडणं वेगळं असतं. गावच्या शाळेने हॉल द्यायचं कबूल केलं होतं, पण त्यात घालायला मॅट नव्हती आणि ती विकत घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं होतं. म्हणून सचिवांनी क्लबात रविवारी दुपारचं पाटवडी-रश्श्याचं जेवण ठरवलं. कुपनं सभासदांनी घ्यायची, जमतील ते पैसे मॅटला. जेवणाआधी आमच्या मुलींचा एक सामना, क्लबाच्या पडीक टेनिस कोर्टावर.

"जेवण आत, सामना बाहेर," सचिव म्हणाले.

"म्हणजे ज्यांच्या नावानं जेवायचं, त्याच बाहेर?"

"मॅडम, तुम्हाले मॅट पाहिजे का भांडण पाहिजे?"

मॅट पाहिजे होती. आणि खरं सांगायचं तर ती मला एका मुलीसाठी पाहिजे होती.

ती आमची कॅप्टन. बारावीत होती, अंगाने काडी, पण चढाईला गेली की समोरच्या सातजणींना कळायच्या आत दोघींना हात लावून परत. दिवाळीच्या आधी सरावात तिचा पाय घसरला आणि गुडघा एका खड्यावर आपटला. जखम खोल होती. डॉक्टरांनी टाके घातले, तीन आठवडे विश्रांती सांगितली आणि नंतर खेळायला हरकत नाही म्हणाले. पण तिच्या वडिलांनी डॉक्टरांचं फक्त अर्धंच ऐकलं. ते माझ्या घरी आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मंडईवरी खेळू द्या जी. मंग बंद."

मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा. जिल्ह्याच्या संघाची निवड मंडईनंतरच्या आठवड्यात लाखनीला होती. पुढच्या वर्षी तिचं वय त्या गटात बसत नव्हतं. आत्ता बंद म्हणजे कायमचंच बंद.

मी त्यांना वयाचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. ते जमिनीकडे बघत राहिले. मग माझं डोकं फिरलं. "एकदा तरी मैदानावर येऊन बघा, तुमची मुलगी काय चीज आहे ते. घरी बसून बंद म्हणायला काय लागतं?" असं बरंच काही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, हात जोडले आणि गेले. या माणसाला मुलीचं काही पडलेलं नाही, असं मी त्या दिवशी पक्कं ठरवून टाकलं.

हा माणूस त्या क्लबाचा आचारी होता. रविवारची पाटवडी तोच करणार होता.

रविवारी मी मुलींना घेऊन नऊलाच पोचले. चौकीदार अर्धवट उठला, मग आठवून परत बसला. क्लबाच्या लोकांनी हौसेने कामं केली होती, हे मान्य करायला हवं. टेनिस कोर्टच्या मुरमावर दोन ट्रॉली मऊ माती पसरून पाणी मारलं होतं. खुर्च्या मांडल्या होत्या. चुन्याच्या रेषा पांढऱ्याशुभ्र आखल्या होत्या. मी त्या रेषांकडे बघितलं, आणि पुन्हा बघितलं.

मैदान पुरुषांचं होतं. तेरा बाय दहा मीटर. मुलींचं बारा बाय आठ असतं. बघणाऱ्याला दोन पावलांचा फरक वाटेल, पण चढाई करणारीला तेवढंच जास्त आत जावं लागतं आणि तेवढंच जास्त अंतर परत पळावं लागतं. मध्ये सातजणी पायाला धरायला टपलेल्या. आणि आमच्या कॅप्टनच्या गुडघ्याला अजून पट्टी.

क्लबाचे अध्यक्ष निवृत्त वकील. मी त्यांना सांगितलं.

"अरे मॅडम, नेटवर पाहून आखलं नं! एकदम इंटरनॅशनल."

"पुरुषांचं आहे ते."

"कबड्डीचं आहे," ते हसून म्हणाले. कबड्डीचं मैदान शोधताना मुलींचं वेगळं असेल असं त्या अख्ख्या कमिटीत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. येणार तरी कसं म्हणा. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, पण सचिवांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी ते गिळलं. चुना संपला होता, पाहुणे येऊन बसत होते, पहिल्या रांगेतल्या खुर्च्या थेट रेषेला टेकल्या होत्या. देणारे हेच होते. त्यांच्याच अंगणात त्यांची चूक काढून जेवणाआधीच तोंडं कडू करायची का, हा प्रश्न होता.

कॅप्टनला बसवून ठेवावं असं मी ठरवलं, पण तिचाच फोटो बॅनरवर होता. ती जवळ येऊन म्हणाली, "बाई, मी खेळतो. काही होत नाही."

स्वयंपाकघराची खिडकी थेट कोर्टावर उघडत होती आणि त्या खिडकीत तिचे वडील उभे होते.  ती एकदा जरी त्या गुडघ्यावर पडली, तर पुढे मंडई नाही की लाखनी नाही, इथेच सगळं संपणार होतं. त्या लांबलचक मैदानावर ती पडणार, असं मला अगदी समोर दिसत होतं. मी शिट्टी तोंडात धरली आणि वाजवेना.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. ते बाहेर आले, हाताला बेसन तसंच. सरळ अध्यक्षांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, हे माणसाईचं मैदान आहे जी. पोरीईचं लहान राह्यते."

अध्यक्ष त्यांच्याकडे बघतच राहिले. हा आचारी इतक्या वर्षांत त्यांच्याशी 'वाढू का जी' याच्यापलीकडे काही बोलला असेल असं वाटत नाही. 

"तुले काय माहीत?" अध्यक्षांनी विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं.

"माहीत आहे जी," एवढंच म्हणून ते आत गेले आणि भज्यांसाठी आणलेलं तांदळाचं पीठ परातीत घेऊन आले. चुन्याच्या बाहेरच्या रेषा त्यांनी झाडूने मोडल्या. मग मधल्या रेषेपासून पावलं टाकत गेले, मनात मोजत, एकदाही मागे वळून न बघता, आणि चिमटीने पीठ सोडत नवी रेषा ओढली. मी पर्समधला टेप काढून मागोमाग मोजत गेले. कुठे वीतभर कमी, कुठे वीतभर जास्त. बाकी बारा बाय आठ. पहिल्या रांगेतल्या वकिलांनी स्वतः उठून खुर्च्या पुढे सरकवल्या.

लहानपणी खेळला असेल हा माणूस, असं मला वाटलं. अधिक विचार करायला वेळ नव्हता. मी शिट्टी वाजवली.

आमच्याच मुलींचे दोन संघ होते. पहिली पाच मिनिटं पाहुणे सभ्यपणे टाळ्या वाजवत होते. मग कॅप्टन चढाईला गेली, डावीकडे हूल दिली, उजवीकडच्या दोघींना बोटं लावली आणि तिसरीने कंबर धरायच्या आत रेषेवर येऊन पडली. गुडघ्यावर नाही, कुशीवर. अलगद. त्यानंतर ती मंडळी सभ्य राहिलीच नाहीत. कापडाचे एक व्यापारी खुर्चीवर उभे राहून "धर, धर तिले!" ओरडत होते आणि त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं ते कोणत्या बाजूने आहेत. कबड्डी तर सगळ्यांनीच कधी ना कधी खेळलेली असते. खिडकीतले आचारी मात्र हलले नाहीत. आतून रस्सा लागल्याचा वास यायला लागला तेव्हा ते दिसेनासे झाले.

सामना संपला आणि पुरुष मंडळी आत जेवायला गेली. आम्ही लॉनवर बसलो. आत माइकवर कोणीतरी बोलत होतं, पण पंख्यांच्या घरघरीत एक शब्द धड कळत नव्हता. मग हशा. मग बराच वेळ शांतता. मी उठून पायऱ्यांजवळ गेले. फाटकावरचा चौकीदार अर्धवट उठला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बसला, पण मीही वर गेले नाही. आमच्या मॅटचं काय होतंय ते आत चाललेलं, आणि मी बाहेर गवतावर. चीड आली आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच.

मग टाळ्या झाल्या. कसल्या, कोणासाठी, काही कळेना.

मुलींना वाढायला आचारीच बादली घेऊन बाजूच्या दाराने आले. माझ्यासमोर थांबले. "झालं बाई. मॅट देऊन राहिले. कुपनाचे कमी पडले, तं राहिलेले क्लब घालून राहिला. साहेबांनं आताच सांगतलं."

 मी तिथल्या बाकावर बसले. गेल्या महिनाभरात खांदे किती आवळून धरले होते, ते सैल पडल्यावर कळलं. मुली ओरडल्या, एकमेकींवर पडल्या. मला उठून आनंद करणंही जमेना, नुसतं बसून राहावंसं वाटलं.

"तुम्हाला माप कसं माहीत होतं?" मी विचारलं.

ते बादलीतला रस्सा डावाने ढवळत राहिले. "ती पडली नं बाई, त्या दिवशी मी तुमच्या मैदानावर गेल्तो संध्याकाळी. कोणता खडा लागला ते पाहाले. तिथं लय खडे. मंग रोज जातो. ड्युटीच्या आधी, तुम्ही येता त्याच्या आधी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेचत जातो. पावलं तोंडपाठ झाले."

त्यांनी बादली खाली ठेवली.

"पण खडे किती वेचाव जी? पाणी मारलं का नवे वर येतात. तिचा टोंगळा फुटला तवा मले जेवण गेलं नाही. म्हणून बंद म्हणलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही म्हणाल्या, येऊन पाहा. पाहूनच म्हणत होतो जी."

मुलींनी शिस्तीने मैदान साफ ठेवलंय म्हणून मी रोज सकाळी त्यांचं कौतुक करायची. एकीनेही आम्ही नाही म्हणून सांगितलं नव्हतं, आणि कौतुक कोणाला नको असतं. या माणसाला मी माझ्या दारात उभं करून काय काय बोलले होते, ते सगळं मला शब्दन्शब्द आठवलं. माफी मागायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी तोवर माझ्या ताटात पाटवडी घातली होती आणि वर रस्सा ओतत होते.

"तिचं नाव पाठवा लाखनीले," ते म्हणाले. "मॅट येतवरी खडे मी पाहीन."

आतून कोणीतरी भात मागितला, तसे ते वळून गेले. जाताना मुलीच्या ताटात काही न बोलता आणखी दोन वड्या टाकल्या.

कॅप्टन ताट घेऊन माझ्याजवळ सरकली. "बाई, बाबा काय म्हणले?"

"जेव आधी," मी म्हटलं.  "उद्यापासून सराव पहाटे पाचला. लाखनीला थोडे दिवस राहिलेत."

 मग तिला कळलं. तिने घास घेतला, चावला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "मंग बाबाच्याच सायकलवर येईन. ते कुठं तरी साडेचारलेच निघतात. कुठं जातात, सांगत नाहीत."