प्रश्न न विचारणारा सेटअप

त्र्यंबक गुप्ते हे नाव काढलं की डोंबिवलीत अजून लोक हात जोडतात. मी जोडत नाही. पण त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नाही.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर हा माणूस पुस्तकं वाचून प्रोग्रॅमिंग शिकला. रक्तदात्यांची यादी ठेवणारा एक प्रोग्रॅम त्यांनी बनवला आणि खिशात दोन फ्लॉप्या घालून तो दवाखान्यांत, लॅबमध्ये फुकट बसवून देऊ लागले. "माझा सेटअप एकही प्रश्न विचारत नाही," हे प्रोग्रॅम बसवण्याबद्दलचं त्यांचं ठरलेलं वाक्य. बोलताना छाती जरा पुढे यायची.

१९९७ साली मी तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. राहायला जवळच, दिवा स्टेशनला. एका गुरुवारी दुपारी गुप्तेकाका आले, आमच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम टाकला, चालवून दाखवला, बिनसाखरेचा चहा घेतला आणि गेले. तासाभराने मी रिपोर्ट छापायचा प्रोग्रॅम उघडायला गेले, तर तो उघडेचना. इंग्रजीत एक ओळ आली आणि सगळं बंद. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. 

"पत्ते खेळत बसता का तुम्ही यावर?" डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले. काकांवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही; त्यांचा प्रोग्रॅम तर झकास चालत होता! शनिवारी मला सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. मला रडूसुद्धा येईना. चार वर्षांत एक नमुना इकडचा तिकडे केला नव्हता मी, आणि म्हणे पत्ते. दुसऱ्या लॅबमध्ये चौकशी केली, तर तिथेही हीच कीर्ती आधी पोचलेली.

तीन आठवड्यांनी दुपारी दार वाजलं. काका. चार जिने चढून धापा टाकत होते, चेहरा पांढराफटक. नळ कोरडाच होता, कळशीतलं पाणी दिलं. त्यांनी पेला तसाच खाली ठेवला.

"नीला, ते मी केलं."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी ठाण्यात वर्तकनगरच्या, रक्तदान शिबिरं भरवणाऱ्या एका वाचनालयात त्यांनी फ्लॉप्या चालवल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तिथला पुस्तकांचा प्रोग्रॅम बंद पडला. काकांच्या प्रोग्रॅमला चालायला एक मदतीची फाइल लागायची, ती सेटअप बरोबर घेऊन यायचा. त्याच नावाची फाइल विंडोजच्या त्याच फोल्डरमधून इतर प्रोग्रॅमही वापरायचे. आमच्याकडची नवी होती. काकांच्या सेटअपने तिच्यावर स्वतःची जुनी चढवली. त्यांचं काम जुन्यावर भागायचं, आमचं नाही. त्यांनी घाबरून आमच्या लॅबमध्ये फोन केला, तेव्हा समजलं की मशीन एका मुलीने बिघडवलं आणि तिला काढून टाकलं.

"आज डॉक्टरांसमोर परत फ्लॉपी घातली. परत बंद पाडून दाखवलं, मग दुरुस्त केलं. ते तुला बोलावतायत." त्यांनी कपाळाला हात लावला. "अकरा ठिकाणी टाकलाय गं मी तो. अकरा! कुणी बोललं नाही मला."

फुकट काम करणाऱ्या म्हाताऱ्याला कोण बोलणार?

"काका, कॉम्प्युटर आधी विचारत नाही? इथे नवी फाइल आहे, ती ठेवायची का म्हणून?"

त्यांनी मान खाली घातली. "विचारायचा. मीच तो प्रश्न काढून टाकला. म्हटलं, तुम्ही मुली इंग्रजी बघून घाबराल."

 नोकरी गेली तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का मला त्या वाक्याने बसला.

"माझं बी.एस्सी. इंग्रजीतून झालंय, काका. मला विचारलं असतं तर मी 'ठेव' म्हटलं असतं."

सोमवारी मी कामावर गेले. दुपारी काका नव्या फ्लॉप्या घेऊन आले. या वेळी सेटअप मध्येच थांबला आणि पडद्यावर प्रश्न आला. डॉक्टर दारात उभे होते. काका खुर्चीतून उठले आणि मला म्हणाले, "तू बस."