सर्वांसाठी खुली

बाबांनी एकट्याने खणलेली विहीर सगळ्या गावाची आहे, असं मी मोजणीवाल्यांना सांगितलं आणि खाली सही केली.

त्यानंतर महिन्याभरात मी इस्राएलला निघालो, एका म्हाताऱ्याची सेवा करायला. राजुऱ्याच्या बस स्टँडवर बाबांनी त्याच विहिरीच्या पाण्याची दोन लिटरची बाटली हातात दिली. "तिथलं पानी कसं रायते काय मालूम." विमानतळावर तपासणीत बाटली अडवली. फेकवेना, म्हणून रांग थांबवून तिथेच सगळी प्यायलो आणि पुढचा प्रवास विमानाच्या संडासाच्या दारात काढला. गाव सोडताना डोळ्यांतून पाणी येतं असं ऐकलं होतं. माझं भलतीकडून गेलं.

विहिरीचं असं होतं. आजोबांच्या काळी गावच्या विहिरीला आमच्या लोकांनी हात लावायचा नाही, वरून कोणी ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. म्हणून बाबांनी लग्नाआधी आमच्या तुकड्यात सब्बल आणि फावड्याने खणायला घेतलं. माती वर ओढायला फक्त आजी. पाणी लागल्यावर त्यांनी काठावर चुन्याने लिहिलं, 'सर्वांसाठी खुली'. ज्यांनी आम्हाला कधी पाजलं नाही त्यांच्यासाठीसुद्धा. आमच्या घराचा सगळा ताठा त्या दोन शब्दांत होता. दर उन्हाळ्यात बाबा ते नव्याने रंगवत.

मग कोळशाची खाण गावापर्यंत आली. भरपाईसाठी झाडं, गोठे, विहिरी कोणाच्या ते लिहून घ्यायला मोजणीची माणसं आली, तेव्हा बाबा ब्रह्मपुरीला लग्नाला गेले होते. घरी मी. बी.ए. झालेला, दर जयंतीला भाषण ठोकणारा. "विहीर कोणाची?" त्यांनी विचारलं. मी भाषण ठोकलं. "ही एका माणसाची विहीर नाही, साहेब. ही सर्वांची आहे." साहेब मान हलवत होते. मला वाटलं, भारावले. ते लिहीत होते : सार्वजनिक विहीर. खाली साक्षीदार म्हणून माझी सही, इंग्रजीत, शेवटी दोन टिंबं देऊन.

बाबांनी हरकत घेतली. सुनावणीला धुतलेला पांढरा सदरा घालून गेले. "पैसे नोका देऊ साहेब. कागदावर माहं नाव लिहा. मी खणली." साहेबांनी माझी सही त्यांच्यापुढे सरकवली. बाबांनी ती लगेच ओळखली म्हणे. हे बहिणीने मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी इथे म्हाताऱ्याच्या पायाला तेल चोळत होतो.

म्हाताऱ्याला मी सबा म्हणतो, म्हणजे आजोबा. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस. शुक्रवारी दिवस मावळला की मी त्याला वॉकर देऊन टेबलापाशी आणतो आणि तो प्रार्थना म्हणतो. त्यात एक ओळ येते, 'कोने शमायिम वा-आरेत्स'. आकाश आणि पृथ्वी मला कळलं. 'कोने' हा शब्द मी रोज भाजीबाजारात ऐकत होतो, विकत घेणारा. म्हणून एका शुक्रवारी विचारलं, "सबा, तुमच्या देवाने आकाश कोणाकडून विकत घेतलं?"

सबा हसता हसता खोकला. पाणी पिऊन म्हणाला, "कोणाकडून घेणार? त्याच्याआधी कोणी होतंच कुठे? जुन्या भाषेत घडवणाऱ्यालाही हाच शब्द आहे. त्याने घडवलं, म्हणून त्याचं. मालकी वेगळी लिहावी लागत नाही."

मी त्याला विहिरीचं सांगितलं. त्याने नीट ऐकलं. "आमच्या एका पूर्वजानेही विहीर खणली होती," तो म्हणाला. "दुसऱ्यांनी बळकावली. तेव्हा त्याने सात कोकरं देऊन साक्ष ठेवली की ही मी खणली. तुझ्या बापाकडून साक्षीला कोण होतं?"

"मी होतो."

सबाने ब्रेडचा तुकडा तोडला आणि माझ्या ताटात ठेवला.

आता तिथे खाणीतून निघालेल्या मातीचा डोंगर आहे. विहीर त्याच्याखाली कुठेतरी. पुनर्वसनातल्या घराला नळ आहे, बाबा त्याला हात लावत नाहीत, बहीण पाणी भरते. तुम्ही तिकडे राहिलेले असा की माझ्यासारखे बाहेर पडलेले, घर कुठलं म्हणून कोणी विचारलं तर काय सांगता? मी प्लॉटचा नंबर सांगतो. सांगताना तोंडात ते दोन लिटर पाणी येतं, थोडं खारट, लोखंडी बादलीच्या वासाचं. आता ती चव एवढंच माझ्या नावावर आहे.

गेल्या शनिवारी मी बाबांना फोन केला आणि सबाच्या ओळीचा अर्थ समजावला. ज्याने घडवलं त्याचंच, बाबा, कागद काहीही म्हणो. त्यांचा देव असाच मालक आहे. माझा आवाज पुन्हा जयंतीच्या भाषणासारखा चढला होता. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"आपल्यात देव नाई," ते म्हणाले. "पण त्याचं बरं हाय. त्याले सही कराले पोरगा नोहोता, म्हणून राह्यलं त्याचं."