आईच्या अंगठ्याखालचं बटण

आईला पक्षाघाताचा झटका आला आणि तिचा उजवा हात लुळा पडला. म्हैसुरातल्या आमच्या घरच्या शिवणकामात चाळीस वर्षं कात्री चालवलेला हात. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू तिने दोन दिवसांत भिरकावला. "मी काय लहान पोर आहे? साकु, पुरे आता."

कपाट आवरताना मला माझा शाळेतला व्हिडिओ गेम सापडला. मामाने परदेशातून आणलेला, आडवा, दोन्ही हातांत धरायचा. सहज तिला दिला. वरून पडणारे ठोकळे डाव्या हाताने सरकवायचे, उजव्या अंगठ्याने फिरवायचे. तीन दिवस अंगठा हललाच नाही. चौथ्या दिवशी ती ओरडली, "अय्यो, फिरला बघ!"

पण त्या जुन्या गेमच्या पडद्याला उजेडच नव्हता. आई उन्हाबरोबर अंगणात खुर्ची सरकवत बसायची; चार वाजले की खेळ बंद. म्हणून मी त्याच गेमचा नंतर निघालेला, घडी होणारा प्रकार कुणीतरी वापरलेला असा मिळवला. त्यात दिवा होता, पण आकार इतका लहान की तिची ताठर बोटं एकमेकांत अडकायची. तिने तो बाजूला ठेवला. चेंडूसारखं हेही ती सोडून देईल, अशी मला भीती वाटली.

ऑफिसातल्या मैत्रिणीने एका बाईंचा पत्ता दिला. मेटगळ्ळीच्या कारखान्यात त्या सर्किटला डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं काम करत आणि रविवारी घरी असले गेम दुरुस्त करत. मी दोन्ही गेम पुढे ठेवले. त्यांनी हातही लावला नाही. कन्नडमध्ये विचारलं, "खेळणार कोण?"

मी सांगितलं. पुढच्या रविवारी त्या स्वतःच घरी आल्या. आईसमोर बसून अर्धा तास नुसता तिचा अंगठा बघत राहिल्या. "अम्मा, दाबा. आता सोडा." मग मला म्हणाल्या, "प्रत्येक नवा गेम खिशात मावावा म्हणून लहान करत गेले. अम्मांच्या हाताला पहिलाच बरा. डबा तोच ठेवते, आत उजेडाचा पडदा बसवते."

पडदा बसला. शिवाय बटणाखालचं कडक झालेलं रबर काढून त्यांनी मऊ घातलं. ते मी मागितलंही नव्हतं.

हात पूर्ण बरा झाला नाही. मोठी कात्री आईला आजही पेलत नाही. पण चार महिन्यांनी एका सकाळी मी ब्लाउजचे हुक लावायला गेले, तर तिने माझा हात दूर केला. वेळ लागला, घाम आला, पण सगळे हुक तिने स्वतः लावले.

मी लगेच त्या बाईंना फोन केला. मागे यंत्रांचा आवाज होता. हुकांचं सांगता सांगता मला रडू आवरेना. आभार मानायचे ते राहूनच गेले. त्या म्हणाल्या, "इतकं खेळतात म्हणजे रबर झिजलं असेल. रविवारी येते."