रूळवाटेवरची येळवस

तुरीच्या शेंगा वाळायला लागल्या की त्यांना एक चिकट, किंचित कडवट वास सुटतो. मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात तो असा दरवळतो की बीदरच्या बाहेर पडल्याबरोबर पाय आपोआप झपझप पडू लागतात. निदान माझे तरी पडतात. त्यातल्या एकाचा गुडघा गेल्या वर्षी बदललेला आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज नको.

त्या गुडघ्यापायीच सगळा वाद. हैदराबादला असलेली माझी लेक म्हणते, आई, आता एकटी राहू नकोस, घर भाड्यानं दे आणि माझ्याकडे ये. ज्या गावात अर्धं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं, ते सोडून मी तिच्या बाराव्या मजल्यावर जाऊन काय करू? ढग मोजू? शेवटी पैज ठरली. ती तिच्या मैत्रिणींबरोबर एक खेळ खेळते. रानात कुठेतरी डबा लपवायचा, त्यात एक शिक्का आणि कोरी वही ठेवायची आणि शोधणाऱ्याला कोड्यातल्या खुणा द्यायच्या. डबा सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला तिथल्या वहीत. पत्र एकही नसतं, तरी त्याला म्हणायचं टपालपेटी! असा एक डबा तिनं या पैजेसाठी दिवाळीत जुन्या रूळवाटेवर लपवून ठेवला होता. दिवस मावळायच्या आत, कुणाचा हात न धरता, तो मी शोधायचा. सापडला तर मी बीदरला राहणार, नाही तर सामान बांधणार.

रेल्वेनं वळण सरळ केलं, रूळ उचलून नेले आणि जुनी वाट तशीच पडून राहिली. जांभ्या दगडातून खोदलेली ती लाल वाट, पायाखाली उरलेली खडी, एका अंगाला हरभरा, दुसऱ्या अंगाला कंबरेपर्यंत आलेला जोंधळा. आगगाडीसाठी केलेल्या वाटेचा एक मोठा गुण असतो, तिला उद्धट चढ ठाऊकच नसतो. किती सावकाश, किती समजुतीनं ती उंची गाठते! आणि आता तिच्यावर कुठे पोचवण्याची जबाबदारीही उरलेली नाही. शेळ्या येतात, मुंग्या येतात, मी येते. कामातून मोकळं झालेल्याला लोक निरुपयोगी का समजतात, हे मला खरोखरच कळत नाही.

पहिली खूण सोपी होती. ‘रूळ गेले, खडी राहिली, तिथून सूर्याकडे पाठ.’ दुसरी एका जुळ्या चिंचेची, तीही मी पटकन ओळखली. पण दिवस निवडताना मात्र मी फसले. त्या दिवशी येळवस होती. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या या अमावास्येला घरंच्या घरं शेतावर जेवायला जातात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पूजा मांडतात आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही उपाशी सोडत नाहीत. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. वाटलं, मी आपली रूळवाटेनं जाणार, शेतांशी माझा काय संबंध!

शेतांना तसं वाटत नव्हतं. पहिल्याच बांधावरून एका बाईनं हाक मारली, “अक्का, कुठं जायलाव? येळवशीच्या दिशी उपाशी कामून जायलाव?” माझा गुडघा पाहून तिनं न विचारता पाटी पालथी घातली, वर पोतं टाकलं आणि मला बसवलं. पालेभाज्या आणि कोवळ्या दाण्यांची गरम भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, मडक्यातली गार आंबील. जेवायचं नाही, असं पैजेत कुठे होतं? पुढच्या शेतात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या शेतातही तेच. नकार द्यायला तोंड मोकळं असावं लागतं, आणि माझं रिकामं नव्हतं.

ऊन कलू लागलं तेव्हा मात्र मी काठी उचलली. तिसरी खूण अजून बाकी होती आणि पाय जड झाले होते. शेवटच्या शेतातल्या अप्पांनी मोटरसायकल काढली. “बसा अक्का, पुढं सोडतो.” मी पैज सांगितली. त्यांनी गाडी पुन्हा झाडाला टेकवली आणि म्हणाले, “मग न्हाई बसवत. जावा सावकाश, वाट सरळ हाय.” त्या क्षणी मला त्यांचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

‘जिच्या पोटातून पाणी गेलं, पाठीवरून गाडी गेली, आता दोन्ही जात नाहीत.’ रुळांखालून ओढ्याचं पाणी जायला बांधलेली मोरीच ती, दुसरं काय! कोरडी, दगडी, झुडपांनी वेढलेली मोरी. डबा तळाशी असणार, हे उघड होतं, आणि तिथे उतरायचं म्हणजे गुडघ्याची परीक्षा. मी काठी रोवली, आधारासाठी डावा हात भिंतीवर टेकवला आणि हाताखालचा दगड हलला. मागे खोबण होती. खोबणीत डबा.

पहिल्यांदा मी संतापले. मला वाकता येत नाही, असं समजते काय ही मुलगी! मग कळलं. शस्त्रक्रियेनंतर महिनाभर तिनं मला घरात चालवलं होतं. वाकण्याआधी मी कोणता हात किती उंचीवर टेकवते, हे जगात फक्त तिला ठाऊक होतं. मला घेऊन जायला निघालेल्या लेकीनंच मी जिंकावं अशी तजवीज करून ठेवली होती. त्या निर्जन मोरीपाशी मी मनसोक्त रडले.

मग खोडरबरावर कोरलेला माझा कणसाचा शिक्का वहीत उमटवला आणि सूर्य टेकायच्या आत तिला फोटो पाठवला. डबा मात्र खोबणीत परत ठेवला नाही. काठीनं ढकलत ढकलत मोरीच्या अगदी तळाशी, दोन दगडांच्या मागे नेऊन बसवला. पुढच्या येळवशीला तिनं यावं, शेताशेतातून जेवत यावं आणि ओणवं होऊन तो बाहेर काढावा. तिचे गुडघे अजून चांगले आहेत.