वर निगेटिव्ह, खाली पॉझिटिव्ह

कम्युनिटीतल्या वेबसाइट बनवणाऱ्यांनो, हे वाचाच.

अंबरनाथ-बदलापूरच्या रक्तदात्यांची यादी दाखवणारं पान मी बनवलंय. आज सकाळी उल्हासनगरच्या हॉस्पिटलमधून एका पेशंटच्या भावाने ते उघडलं. चुकून आधी बी पॉझिटिव्ह निवडलं, लगेच बदलून बी निगेटिव्ह केलं. प्रत्येक निवडीला पान सर्व्हरला यादी विचारतं, आणि त्याचं नेट स्लो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी आलं आणि पहिल्याचं मागाहून येऊन त्याच्यावर बसलं. वर ग्रुप निगेटिव्ह, खाली नावं पॉझिटिव्हची.

त्याने यादीतल्या नंबरवर फोन लावला. फोनवर ग्रुप कोणी विचारलाच नाही. यादीत नाव होतं ना! यादीतले बुवापाड्याचे कांबळे काका कंपनीतून हाफ डे टाकून धावले. तपासणीत रक्त जुळलं नाही. दोन तास गेले.

मग त्या भावाने मला फोन केला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, "सर, अब लिस्ट बराबर है ना? आता कोणाला बोलवू?"

उशिरा आलेलं जुनं उत्तर टाकून द्यायला कोडच्या चार ओळी लागतात. मी त्या आज दुपारी घातल्या. माझ्या घरी नेट फास्ट, उत्तरं कायम क्रमाने यायची, म्हणून कधी सुचलंच नाही.

पेशंट कसा आहे ते विचारायला संध्याकाळपासून मोबाइल हातात धरून बसलोय. नंबर लावायची हिंमत होत नाही. तुम्ही लावला असता?